बत्तीस पट्ट्यांची अमेरिका: झुबेर घराण्याच्या ठशांचं प्रकरण

१९६१ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, थर्मोंट गावात, स्टोनर हाउस नावाचं एक जुनं घर पाडायला निघालं होतं. घर जाणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न उरला होता तो आतल्या भिंतींवर चिकटवलेल्या कागदाचा. त्यावर बॉस्टनचं बंदर होतं, न्यूयॉर्कचा उपसागर होता, वेस्ट पॉइंटची लष्करी कवायत होती, व्हर्जिनियातला नैसर्गिक दगडी पूल होता आणि नायगराचा धबधबा होता. तो कागद भिंतींवरून सोडवून काढण्यात आला. अंतर्गत सजावटकारांच्या राष्ट्रीय संस्थेने तो १२,५०० डॉलरना विकत घेतला आणि व्हाइट हाउसला भेट दिला. जॅकलीन केनेडी तेव्हा व्हाइट हाउसच्या खोल्यांना जुनं रूप परत द्यायच्या कामात गुंतल्या होत्या. तळमजल्यावरच्या लंबगोल डिप्लोमॅटिक रिसेप्शन रूममध्ये तो कागद लागला आणि आजही तिथेच आहे. परदेशी पाहुण्यांच्या स्वागताच्या छायाचित्रांत पाठीमागे झाडं, पाणी आणि फिरायला निघालेली माणसं दिसतात, ती या कागदावरची.

इथवर ही गोष्ट जुनी वस्तू वाचवल्याची आहे. गुंता पुढे आहे. हा कागद फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातल्या रिक्सहाइम गावी, झुबेर यांच्या कारखान्यात १८३४ साली पहिल्यांदा छापला गेला. ज्या लाकडी ठशांवरून तो छापला, ते ठसे त्या कारखान्याने टाकून दिले नव्हते. म्हणजे भिंतीवरून खरवडून काढलेल्या, डागाळलेल्या, ठिगळं लावाव्या लागणाऱ्या कागदासाठी जी धडपड झाली, त्याच चित्राचा कोरा करकरीत कागद त्याच ठशांतून पुन्हा निघू शकत होता.

मग अस्सल कोणता? या एका प्रश्नासाठी हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगं वाटतं. आलिशान कापड आणि भित्तिकागद बनवणाऱ्या घराण्यांच्या माहितीपत्रकांत ‘वारसा’ हा शब्द इतक्या सढळपणे वापरलेला असतो की तो नेमका कशाला लागू होतो हे विचारायचं राहूनच जातं. झुबेरच्या बाबतीत तो वारसा हातात धरता येतो, मोजता येतो, फडताळात लावून ठेवता येतो. त्यामुळे उत्तर निदान शोधता तरी येतं.

कापडातून कागदाकडे

सुरुवात कागदापासून नाही, चिटाच्या कापडापासून करावी लागते. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या छापील आणि रंगवलेल्या सुती कापडाने तिथल्या लोकांना वेड लावलं. फ्रेंच लोक त्याला ‘अँदिएन’ म्हणत, म्हणजे सरळ ‘हिंदुस्थानी’. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी आरडाओरड केली आणि १६८६ साली फ्रान्सने हे कापड आणायलाही बंदी घातली आणि देशात त्याची नक्कल छापायलाही. बंदी १७५९ पर्यंत टिकली. पण रिक्सहाइमच्या शेजारचं म्युलूझ हे शहर तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतंच. स्विस संघाशी मैत्री राखून असलेलं ते एक छोटंसं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. फ्रान्सची बंदी त्याच्या वेशीपर्यंत येऊन थांबत होती. १७४६ साली तिथे कापडछपाईचा पहिला कारखाना निघाला, आणि पुढच्या काही दशकांत शहराचा चेहराच बदलला. ठसा कोरणारे, रंग घोटणारे, नक्षी काढणारे असे सगळे हात एका गावात जमले.

हे हात असल्यावर कागदावर छापायला कितीसा वेळ लागणार? १७९० साली निकोला डॉलफ्यूस यांनी म्युलूझमध्ये भित्तिकागदाचा कारखाना काढला. १७९१ मध्ये तिथे झाँ झुबेर हा अठरा वर्षांचा पोरगा लागला, तो फिरता विक्रेता म्हणून. पुढे घराणं ज्याच्या नावाने ओळखलं गेलं तो माणूस चित्रकार नव्हता, कोरक्या नव्हता. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून नमुने उलगडून दाखवणारा होता. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे कित्येक निर्णय विक्रेत्याच्या नजरेतून घेतल्यासारखे दिसतात.

१७९७ मध्ये कारखाना शेजारच्या रिक्सहाइम गावी हलला. तिथे ट्यूटॉनिक नाइट्स या धार्मिक-लष्करी पंथाची, १७३० च्या दशकात बांधलेली मोठी कोठी होती. क्रांतीच्या धामधुमीत पंथाची मालमत्ता गेली आणि रिकाम्या कोठीत कागद वाळत पडू लागला. पुढच्याच वर्षी म्युलूझ फ्रान्सला जोडलं गेलं. १८०२ मध्ये झुबेर कारखान्याचा मालक झाला. कोठी तीच, गाव तेच. धंदा आजही तिथेच चालतो.

एक पट्टा छापायचा म्हणजे

साधा भित्तिकागद म्हणजे एकच नक्षी पुन्हा पुन्हा. फूल, पान, वेल, परत फूल. झुबेरने नाव काढलं ते दुसऱ्याच प्रकारात, सलग दृश्यांच्या कागदात. खोलीच्या चारी भिंतींवरून, शेजारी शेजारी लावलेल्या उभ्या पट्ट्यांतून, एकच देखावा फिरत जातो आणि त्यात कुठलाही तुकडा दुसऱ्यांदा येत नाही. आल्प्सचे देखावे दाखवणारा त्यांचा पहिला असा कागद १८०४ सालचा, पिएर-आंतोआन मोंजां या चित्रकाराचा. त्याच वर्षी माकाँ गावच्या जोझेफ ड्युफूरने प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचा वीस पट्ट्यांचा कागद काढला. दोघांत चुरस होती.

आता हिशेब बघा. १८३४ च्या अमेरिकेच्या देखाव्याला ३२ पट्टे, २२३ रंग आणि १,६९० ठसे लागतात. हे आकडे वाचून पुढे जाणं सोपं आहे, म्हणून जरा थांबू या.

ठसा म्हणजे लाकडाचा जाड पाट. छपाईचा चेहरा नासपतीच्या लाकडाचा, कारण त्याचा पोत बारीक असतो आणि कोरताना ढलपे उडत नाहीत. त्यामागे स्वस्त लाकडाचे थर, रेषा एकमेकींना आडव्या जातील असे चिकटवलेले, म्हणजे ओल लागून पाट वाकणार नाही. एका ठशावर एकच रंग. झाडाच्या पानांत पाच हिरवे असतील तर पाच ठसे, आणि तेही त्या झाडापुरते. सगळ्या ठशांच्या कोपऱ्यांत बारीक खिळे असतात. पहिल्या रंगाच्या वेळी त्यांचे ठिपके कागदावर उमटतात आणि पुढचा प्रत्येक ठसा त्या ठिपक्यांवर बसवायचा. एक केस इकडेतिकडे झाला की घोड्याच्या पाठीवरची सावली घोड्याच्या बाहेर पडते.

रंग म्हणजे खडूची पूड, रंगद्रव्य आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस. हा रंग दाट असतो, साईसारखा बसतो, आणि वाळल्यावर त्याला जी मऊ, कोरडी, पिठूळ झाक येते ती तेलरंगाला येत नाही. रंगाच्या तसराळ्यावर ठसा दाबायचा, उचलायचा, कागदावर ठेवायचा आणि तरफेने वरून जोर द्यायचा. जुन्या कारखान्यांत तसराळ्यातला रंग प्रत्येक वेळी सारखा पसरवायला छाप्याशेजारी एक पोर उभं असे. भित्तिकागदाच्या देखण्या इतिहासात ही पोरं सहसा दिसत नाहीत, पण दिवसभर कुंचला फिरवणारे ते हातही याच वारशाचा भाग आहेत. एक रंग झाला की कागद टांगून वाळवायचा. मगच दुसरा. एका पट्ट्यावर असे कित्येक फेरे.

आणि आकाश? आकाशाला ठसा नाहीच. वरच्या गर्द निळ्यापासून क्षितिजाच्या पांढुरक्या उजेडापर्यंत रंग विरत नेणं हे कुंचल्याचं काम. कागद ओला आहे तोवर ते उरकावं लागतं. रंग एकात एक विरवण्याच्या या विद्येत १८१९ च्या सुमारास झुबेरच्या नात्यातल्या मिशेल स्पोर्लिनने व्हिएन्नात एक नवी रीत बसवली. शेजारी शेजारी कप्पे असलेल्या पेटीतून कुंचल्यांनी एकदम अनेक रंग उचलायचे आणि एका ओढीत पसरवायचे. रिक्सहाइमने ती लगेच उचलली. या आकाशाची उंची मुद्दाम जास्त ठेवलेली असे. छत बुटकं असेल त्याने वरून कापावं, चित्राला धक्का लागत नाही. विक्रेत्याचं डोकं म्हणतो ते हे.

कागदाचंही असंच. आधी हाताने बनवलेले सुटे ताव एकमेकांना चिकटवून लांब पट्टा करावा लागे, आणि सांधे दिसत. १८३० च्या सुमारास झुबेरने अखंड कागद देणारं यंत्र आणलं. त्याआधी १८२७ मध्ये त्यांनी कोरलेल्या रुळांवरून छपाईही सुरू केली होती. म्हणजे ‘हाताने छापणारं जुनं घराणं’ ही आजची ओळख असली, तरी त्या काळात हे लोक यंत्राला घाबरणारे अजिबात नव्हते. जिथे रूळ परवडला तिथे रूळ. देखाव्याच्या कागदात परवडला नाही, म्हणून ठसा राहिला. रूळ कामी येतो तो नक्षी पुन्हा येते तिथे. ज्या चित्रात काहीच पुन्हा येत नाही तिथे त्याचा उपयोग काय?

न पाहिलेले देश

अमेरिकेचा देखावा काढणारा झाँ-ज्युलियां देल्टिल अमेरिकेला गेला नव्हता. त्याच्यापुढे होती झाक-जेरार मिल्बेर या फ्रेंच माणसाने हडसन नदीच्या परिसरात काढलेल्या दृश्यांची छापील चित्रं. ब्राझीलच्या कागदासाठी त्याने रुगेन्डास या जर्मन चित्रकाराच्या प्रवासचित्रांचा आधार घेतला.

आणि आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे मोंजांने १८०७ साली काढलेला ‘हिंदुस्थान’. वीस पट्टे, १,२६५ ठसे, ८५ रंग. मोंजांही इकडे कधी आला नाही. टॉमस डॅनियल हा इंग्रज चित्रकार आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ ते १७९३ च्या दरम्यान हिंदुस्थानभर फिरून केलेल्या चित्रांचे संच तेव्हा लंडनमध्ये छापून येत होते. मोंजांने त्यांतली देवळं, घाट, मशिदी, हत्ती उचलले आणि एका सलग भूमीवर मांडले. जी ठिकाणं एकमेकांपासून महिन्याच्या प्रवासाइतकी दूर, ती इथे एका झाडाच्या अंतरावर. ज्या मुलखाच्या चिटाच्या नकलेतून म्युलूझची छपाई उभी राहिली, तोच मुलूख साठ वर्षांनी कागदावर छापून युरोपच्या दिवाणखान्यांना विकला गेला, आणि तोही ऐकीव. या योगायोगाचं मला हसू येतं, राग नाही. डॅनियल चुलत्या-पुतण्यांच्या मूळ चित्रांत बांधकामाची अचूकता आहे, मोंजांकडे नाही. पण मोंजांला बांधकाम नको होतंच. त्याला दिवाणखान्यात बसल्या बसल्या नजर फिरत राहायला हवी होती.

अमेरिकेच्या कागदाबाबत मात्र एका तपशिलाकडे नीट पाहायला हवं. त्यात कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष नीटनेटक्या, उंची पोशाखात, गोऱ्यांच्या बरोबरीने फिरताना दिसतात. १८३४ साली अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी पूर्ण जोरात होती. देल्टिलने देश पाहिला नव्हता म्हणून असं काढलं की तसा देश असावा म्हणून काढलं, हे चित्रावरून ठरवता येत नाही. पण ती माणसं त्या कागदावर आहेत आणि तो कागद व्हाइट हाउसच्या भिंतीवर आहे.

ठसे ठेवले का?

आता मूळ मुद्द्याकडे. झुबेरकडे आज एक लाखाहून अधिक ठसे आहेत आणि फ्रान्सच्या सरकारने त्यांना ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. अशा दर्जाची वस्तू मालकाची राहते, पण ती नष्ट करता येत नाही, परवानगीवाचून तिच्यात फेरफार करता येत नाही आणि कायमची देशाबाहेर पाठवता येत नाही. रिक्सहाइमच्या त्याच कोठीच्या एका भागात १९८३ पासून भित्तिकागदाचं संग्रहालय आहे. हे सगळं बघितलं की वाटतं, दूरदृष्टीच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या कलेचा ठेवा जपला.

मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांनी माल जपला.

देखाव्याच्या कागदात सगळा पैसा आधी जातो. चित्रकाराचा मेहनताना, मग हजार-दीड हजार ठसे कोरण्याची मजुरी. छपाई त्यामानाने स्वस्त. हा पैसा पाच वर्षांत वसूल होत नाही, म्हणून तोच देखावा पुन्हा पुन्हा छापून वर्षानुवर्षं विकत राहायचा. ठसा टाकून देणं म्हणजे भांडवल टाकून देणं. ड्युफूरची गोष्ट इथे ताडून बघण्यासारखी आहे. १८०४ मध्ये बरोबरीने सुरुवात केलेलं ते घराणं पॅरिसला गेलं, नावाजलं, आणि १८३० च्या दशकात त्याचं दुकान आवरलं. त्याचे काही देखावे नंतर दुसऱ्यांच्या हाती गेले. चित्रकार म्हणून ड्युफूरकडची मंडळी झुबेरच्या मंडळींहून कमी नव्हती. मला तर प्रशांत बेटांचा कागद आल्प्सच्या कागदापेक्षा सरस वाटतो. फरक इतकाच की एकाचे ठसे एका छपराखाली राहिले.

ठसे माल होते, पूजेची वस्तू नव्हे, याचा पुरावा खुद्द अमेरिकेच्या कागदातच आहे. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला घराण्याने हाच देखावा नव्याने बाजारात आणला. डोंगर, पाणी, झाडं, धबधबा तेच. फक्त फिरायला निघालेली सभ्य माणसं काढली आणि त्यांच्या जागी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सैनिक, घोडे, तोफा आणले. पार्श्वभूमीचे ठसे जुनेच आणि आकृत्यांचे तेवढे नवे कोरले. कोणती लढाई कुठल्या भूमीवर झाली होती याची फिकीर फारशी केलेली दिसत नाही. आज एखाद्या घराण्याने आपल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रातली माणसं पुसून वर लढाई छापली तर जाणकार कपाळाला हात लावतील. तेव्हा तो धंद्यातला साधा शहाणपणा होता: अर्ध्या खर्चात नवा माल.

मालाचा वारसा कधी झाला? तो खपेनासा झाल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देखाव्यांची हौस ओसरली, यंत्रावरचा स्वस्त कागद घरोघर पोचला. १८७१ मध्ये आल्सास जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परतला. ठसे मात्र तळघरात तसेच उभे होते.

व्हाइट हाउसमधली दुसरी खोली

केनेडींच्या काळात व्हाइट हाउसमध्ये झुबेरचा एकच कागद लागला असं नाही. दुसऱ्या मजल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाची जेवणाची खोली आहे. तिथे युद्धाची आवृत्ती लागली. तळमजल्यावर फिरणारी माणसं, वरच्या मजल्यावर त्याच डोंगरांपुढे लढणारी माणसं. एकाच ठशांची दोन अपत्यं एका घरात.

वरच्या कागदाचं नशीब वेगळं निघालं. जेवताना समोर लढाई नको म्हणून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी तो काढवला. कार्टर आल्यावर तो परत लागला. क्लिंटन यांच्या काळात तो पुन्हा नजरेआड झाला. तळमजल्यावरचा कागद इतक्या राष्ट्राध्यक्षांनंतरही जागचा हललेला नाही. दोन्ही जुने, दोन्ही झुबेरचे, दोन्हींमागे बरेचसे ठसे तेच. म्हणजे भिंतीवर काय टिकतं ते केवळ जुनेपणाने ठरत नाही. रोज त्या खोलीत बसणाऱ्याला समोर काय बघवतं, यावरही ठरतं.

अस्सल कोणता

१२,५०० डॉलर देणाऱ्यांनी चित्र विकत घेतलं नाही. चित्र रिक्सहाइमला होतंच. त्यांनी घेतलं ते त्या विशिष्ट कागदावरून गेलेलं शतकाहून अधिक काळाचं आयुष्य: एका अमेरिकन घरातला धूर, ऊन, ओल, फिकटलेला निळा. हे रिक्सहाइमला पुन्हा छापता येत नाही. ज्या वास्तूला स्वतःचा इतिहास दाखवायचा आहे तिने असा कागद घ्यावा हे मला पटतं, आणि घर पडणार होतं म्हणून आणखीच पटतं. उभ्या घराच्या भिंती त्यासाठी सोलल्या असत्या तर मी उलट बाजूने बोललो असतो.

पण त्या कागदालाच अस्सल म्हणून नव्या छपाईला नक्कल म्हणणं चूक आहे. १८३४ चा कागदही एकमेव नव्हता. तो अनेकांतला एक होता आणि अनेक असण्यासाठीच जन्मला होता. त्याच ठशांवरून, सरसाच्या त्याच रंगाने, हातानेच उठवलेला पट्टा हा त्या देखाव्याची पुढची प्रत आहे. त्याच चित्राचा फोटो काढून आजच्या डिजिटल यंत्रावर छापलेला कागद मात्र निराळा. त्यात रंगाची साय नाही, ठशाच्या कडेला साचलेली रंगाची किनार नाही, एका हिरव्यावर दुसरा हिरवा चढल्याची बोटाला लागणारी उंची नाही.

इथे एक अडचण राहतेच. १,६९० ठसे नुसते असून भागत नाही. कोणता आधी, कोणता नंतर, कोणत्या ठशाला २२३ पैकी कोणता रंग, तो रंग कशाने घोटायचा, हे सांगणारी नोंद हवी आणि ती नोंद हाताला उतरवणारा छापणारा हवा. यातलं एक गेलं तरी उरलेलं मुकं होतं. ठशांना सरकारी दर्जा देता येतो. छापणाऱ्याच्या मनगटाला तो देता येत नाही. मनगट कामात राहिलं तरच राहतं, आणि काम गिऱ्हाईक आलं तरच येतं. म्हणून संग्रहालयाइतकाच शेजारचा चालू कारखाना मला महत्त्वाचा वाटतो. लाकडी ठशांनी भित्तिकागद आणि सजावटीचं कापड छापणारा जगातला हा शेवटचा कारखाना, असं झुबेर स्वतःबद्दल सांगतात.

त्यांच्या यादीत अमेरिका अजून दोन्ही तऱ्हांनी आहे. मागणी नोंदवणाऱ्याला आधी एकच गोष्ट सांगावी लागते: त्याच डोंगरांपुढे फिरायला निघालेली माणसं हवीत, की सैनिक.